सोळा रंगांतलं बेट

मार्क फेरारी हे मुळात रंगीत पेन्सिलींचे चित्रकार. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात ते कॅलिफोर्नियातल्या लुकासफिल्म गेम्समध्ये दाखल झाले, तेव्हा संगणकावर चित्र काढण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी नव्हता. पेन्सिलीने एका निळ्यातून दुसऱ्या निळ्यात हलकेच उतरायची सवय असलेल्या या माणसापुढे पडदा आला तो 320 गुणिले 200 ठिपक्यांचा. रंग मोजून सोळा, आणि तेही आपल्या आवडीने निवडलेले नव्हेत; आयबीएमच्या ईजीए कार्डाने ठरवून दिलेले. दोन निळे, दोन हिरवे, एक भडक जांभळट गुलाबी, एक तपकिरी, दोन राखाडी असं ते दुकान. त्यात संध्याकाळचं आकाश कसं रंगवायचं?

फेरारींनी उत्तर काढलं ते छापखान्यातलं. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरला की करडा रंग नाहीसा होतो, उरतात काळे ठिपके आणि मधला कोरा कागद. तसंच पडद्यावर करायचं. निळ्याशेजारी काळा, काळ्याशेजारी निळा, बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक ठिपके भरायचे. त्या काळच्या मॉनिटरच्या काचेवर ते एकमेकांत विरघळतात आणि सतरावा रंग दिसू लागतो. ठिपक्यांची घनता बदलली की अठरावा, मग एकोणिसावा. याला डिदरिंग म्हणतात. डीलक्स पेंट या प्रोग्रॅममध्ये चित्राचा तुकडा मोठा करून, माऊसने एकेक ठिपका ठेवत हे काम चाले. पेन्सिलीच्या माणसाला त्यात नवं काही नसावं: पेन्सिलही कागदाच्या खडबडीतपणावर रंगाचे कणच सोडत जाते.

अडचण कलेची नव्हती, जागेची होती. सोळा रंगांच्या पूर्ण पडद्याला 32,000 बाइट लागतात, आणि 360 केबीच्या फ्लॉपीत असे अकराच पडदे मावतात. म्हणून चित्र आवळून ठेवावं लागे. सलग तीस ठिपके एकाच रंगाचे असले की ‘हा रंग, तीस वेळा’ एवढंच लिहायचं, ही त्यातली युक्ती. एकाआड एक ठिपक्यांत सलग असं काही उरतच नाही, त्यामुळे आवळण्याऐवजी चित्र फुगायचं. डिदरिंग नको, असं फेरारींना सुरुवातीला सांगितलं गेलं ते यासाठी. पण त्यांनी तसं काढलेलं चित्र वरिष्ठांनी पाहिलं, आणि मग चित्रकाराने हात आखडायचा की प्रोग्रॅमरांनी वाट काढायची, हा प्रश्न सुटला. प्रोग्रॅमरांनी वाट काढली. ‘लूम’ हा 1990चा खेळ या ठिपक्यांच्या आकाशांनी भरून गेला, आणि त्याच वर्षी ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ आला.

मंकी आयलंड हा साहसी खेळांतला मानाचा खेळ आहे. रॉन गिल्बर्ट यांची कल्पना, सोबत टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन. डिस्नेलँडमधल्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ या जलसफरीत बोटीतून खाली उतरून त्या चाच्यांच्या गावात हिंडता आलं तर, या गिल्बर्टच्या जुन्या इच्छेतून तो निघाला. टिम पॉवर्सच्या ‘ऑन स्ट्रेंजर टाइड्स’ या 1987च्या कादंबरीचाही त्यात वाटा. नायक गायब्रश थ्रीपवुड हा चाचा व्हायला निघालेला भाबडा पोरगा. त्याची तलवारबाजी हाताने नव्हे, तोंडाने चालते. समोरच्याच्या टोमण्याला चोख टोमणा दिला की सरशी. यातल्या टोमण्यांना लेखक ऑर्सन स्कॉट कार्ड यांचाही हात लागला आहे.

नायकाच्या नावाची गोष्ट तर थेट चित्रकाराच्या टेबलावरची. स्टीव्ह पर्सेल यांनी त्याची पडद्यावरची छोटी आकृती काढली, तेव्हा त्याला नाव नव्हतं. सगळे त्याला नुसतं ‘गाय’ म्हणत. डीलक्स पेंटमध्ये कापून ठेवलेल्या चित्राला ‘ब्रश’ म्हणतात, त्यामुळे फाइलचं नाव पडलं ‘गायब्रश’. तेच पुढे बारशाचं नाव झालं.

खेळ जिथे सुरू होतो ते मेले आयलंड हे बेट रात्रीचं आहे. काळा समुद्र, निळा डोंगर, गावातल्या खिडक्यांचे पिवळे तुकडे. ईजीएच्या त्या सोळा रंगांत दिवस रंगवणं अवघड होतं, कारण त्यात माणसाच्या त्वचेला किंवा वाळूला धड रंगच नाही. रात्रीला मात्र काळा, दोन निळे आणि दोन निळसर हिरवे एवढं भांडवल पुरतं. हाताशी जे रंग आहेत त्यांचीच वेळ चित्रात निवडावी, हे शहाणपण त्या बेटाच्या दर्शनात आहे, आणि म्हणूनच ते चित्र आजही जुनं वाटत नाही. मुळात चित्राला अख्खा पडदाही मिळालेला नव्हता. 200 ओळींपैकी 144 चित्राच्या. खालचा भाग ‘उघड’, ‘ढकल’, ‘बोल’ या आज्ञांचा आणि गायब्रशच्या खिशातल्या चीजवस्तूंचा.

या मालिकेकडे चाहते पुन्हा पुन्हा का वळतात, तीच ती दृश्यं का काढत बसतात, याचं कारण पहिल्याच खेळात सापडतं. त्यात गायब्रशचं एक रूप नव्हतंच. चालणारी आकृती एवढीशी, तिचा चेहरा बोटांवर मोजण्याइतक्या ठिपक्यांचा. संभाषणात कुणाचा चेहरा जवळून दिसला की ते वेगळं चित्र. खोक्यावरचं पर्सेल यांनी रंगवलेलं मुखपृष्ठ तर सिनेमाच्या जाहिरातीसारखं भरगच्च, दाढीवाल्या खलनायक लेचकसकट. त्यातही ईजीएतले जवळून काढलेले चेहरे व्यंगचित्राच्या अंगाने जाणारे होते, आणि 256 रंगांच्या व्हीजीए आवृत्तीत तेच चेहरे अधिक वास्तव वळणाने नव्याने काढले गेले. खेळणाऱ्याच्या मनात जो गायब्रश उभा राहिला तो या सगळ्यांच्या मधल्या जागेत. चाहत्यांची चित्रं त्याच मधल्या जागेतून येतात. कुणी त्याला लांबट नाकाचा करतं, कुणी गोल चेहऱ्याचा, कुणी जलरंगात, कुणी कापडावर भरतकामाच्या टाक्यांत, कारण एक टाका म्हणजे एक ठिपका हा हिशेब आयता जुळतो. यातल्या कुणालाही चूक ठरवता येत नाही.

जुनं दृश्य ठिपक्याला ठिपका लावून नव्याने काढायला बसणाऱ्याला मात्र एक अडचण हमखास भेटते. चित्र नीट उतरवलं तरी बेट बसकं दिसतं, माणसं बुटकी वाटतात. कारण त्या काळचा ठिपका चौरस नव्हताच. 320 गुणिले 200 चं चित्र चारास तीन मापाच्या काचेवर ताणलं जाई, त्यामुळे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा वीस टक्के उंच पडे. आजच्या पडद्यावर तेच चित्र चौरस ठिपक्यांत ठेवलं की ते वरून दाबल्यासारखं होतं. फेरारी, पर्सेल यांनी वर्तुळ काढताना डोळ्याने हा ताण धरलेला होता. त्यांचा चंद्र फाइलमध्ये चपटा असतो आणि काचेवर गोल होतो. दुसरी अडचण ठिपक्यांच्या जाळीची. जुन्या काचेचा मऊपणा एलसीडी पडद्याला नाही, तिथे निळं-काळं आकाश विरघळत नाही, सुईने टोचल्यासारखं दिसतं. म्हणजे मूळ चित्र अस्सल ठेवलं तर परिणाम हरवतो, आणि परिणाम राखायचा तर चित्र बदलावं लागतं. चांगले चाहते-चित्रकार दुसरी वाट धरतात, आणि ते योग्यच आहे.

तशीही या मालिकेने स्वतःची चित्रशैली कधी धरून ठेवली नाही. 1991च्या डिसेंबरात दुसरा भाग ‘लेचक्स रिव्हेंज’ आला तेव्हा चित्रं कागदावर गेली. पीटर चॅन आणि पर्सेल यांनी मार्कर आणि रंग घेऊन दृश्यं हाताने रंगवली, मग ती स्कॅन करून 256 रंगांत बसवली. ठिपका ठेवण्याचं कसब एका वर्षात मागे पडलं. 1997चा ‘द कर्स ऑफ मंकी आयलंड’ 640 गुणिले 480 वर गेला. लॅरी अहर्न आणि जोनाथन अ‍ॅक्ली यांच्या या खेळात बिल टिलर यांनी पार्श्वभूमी रंगवल्या, आणि त्यांच्या वेटोळ्या ढगांनी मालिकेला नवाच चेहरा दिला. त्यातला गायब्रश उंच आणि काटकुळा, चित्रपटातल्या कार्टूनसारखा हलणारा. डॉमिनिक आर्माटो यांच्या आवाजात तो पहिल्यांदा बोलला. 2000 मध्ये ‘एस्केप’ त्रिमितीत गेला. तो भाग चित्रांच्या दृष्टीने सर्वांत लवकर जुना झाला. 2009 मध्ये टेलटेल कंपनीने ‘टेल्स’ पाच भागांत काढला.

चित्रकारांच्या दृष्टीने खरा धडा होता तो 2009च्या जुलैतल्या ‘स्पेशल एडिशन’चा. पहिलाच खेळ, नव्या चित्रांत आणि आवाजांसह. त्यात एक कळ दाबली की नवं चित्र जुन्यात बदले. पुन्हा दाबली की परत नवं. जगातल्या कुठल्याही पुनर्रंगावर इतकी कडक परीक्षा क्वचितच आली असेल: मूळ आणि नक्कल एका बोटाच्या अंतरावर. नव्या पार्श्वभूमी देखण्या होत्या. पण आतून जुनाच खेळ चालू होता आणि त्यावर नवी चित्रं पांघरलेली होती, त्यामुळे मोठ्या पडद्यावरचा गायब्रश जुन्या ठिपक्यांच्या मापाने पावलं टाकत होता. छोट्या आकृतीत न खुपणारी ती अडखळ मोठ्या आकृतीत डोळ्यांत भरली. त्याच्या उभ्या केशरचनेवरही चाहते बरेच नाराज झाले. आणि जुन्या रूपात गेलं की आवाज बंद व्हायचे. मग एका चाहत्याने खटपट करून स्पेशल एडिशनचे आवाज जुन्या चित्रांच्या खेळात बसवले. ‘अल्टिमेट टॉकी एडिशन’ या नावाने ते रूप अनेकांनी खेळलं. कंपनीने एक पाऊल कमी टाकलं होतं, ते चाहत्याने टाकलं.

अशी पावलं चाहत्यांनी आधीही टाकली होती. जुने खेळ नव्या संगणकांवर चालेनासे झाले तेव्हा 2001 मध्ये लुडविग स्ट्रीगेउस आणि व्हिन्सेंट हाम यांनी ‘स्कमव्हीएम’ सुरू केलं. मंकी आयलंडच्या सुरुवातीच्या खेळांचं इंजिन ‘स्कम’. 1987च्या ‘मेनियाक मॅन्शन’साठी गिल्बर्ट आणि अ‍ॅरिक विल्मंडर यांनी ते घडवलं होतं. स्ट्रीगेउस यांनी दुसऱ्या भागाच्या फाइली उलगडून, त्या वाचणारा नवा प्रोग्रॅम लिहायला घेतला. आज तो प्रोग्रॅम फोनवरही चालतो. तो खेळ देत नाही. मूळ फाइली आपल्याच लागतात. ठिपके उंच करण्याची सोय त्यात आहे, म्हणजे चंद्र गोल दिसतो.

आणि त्याच प्रोग्रॅममध्ये फेरारींच्या त्या जुन्या आग्रहाचा पुरावा आहे. सोळा रंगांचं चित्र उलगडणारा त्यातला भाग वाचला तर सूचनांचे काही प्रकार सापडतात, त्यातले दोन असे. एक नेहमीची: हा रंग, इतक्या वेळा. दुसरीत एकाच बाइटच्या दोन अर्ध्यांत दोन रंग बांधलेले, आणि हुकूम असा की हे दोन आलटून पालटून इतक्या वेळा मांडा. बुद्धिबळाचा पट आवळायची हीच ती युक्ती. चित्रकाराच्या हट्टासाठी इंजिनात एक दार पाडलं गेलं आणि पुढे कित्येक वर्षांनी, अनोळखी प्रोग्रॅमरांनी फाइली चाचपताना ते दार शोधून काढलं. चाहत्यांचं काम म्हटलं की आपल्याला चित्रं आणि पोशाख आठवतात. कामाचा इतका बारीक आदर करणारी ही दुसरी तऱ्हाही त्याच मायेची आहे.

2022च्या एप्रिलमध्ये गिल्बर्ट यांनी नव्या खेळाची घोषणा केली, ‘रिटर्न टू मंकी आयलंड’. दुसऱ्या भागानंतर ते या मालिकेपासून दूर होते. हक्क त्यांचे नव्हते. लुकासफिल्मबरोबर ते हक्क 2012 मध्ये डिस्नेकडे गेले. परवानगी मिळाल्यावर गिल्बर्ट आणि ग्रॉसमन पुन्हा एकत्र बसले. चित्रांची सूत्रं दिली रेक्स क्रोल यांच्याकडे, ज्यांनी ‘टिअरअवे’ या खेळात कागदाचं अख्खं जग उभं केलं होतं. त्यांचं मेले आयलंड कापलेल्या रंगीत कागदासारखं: कडक कोन, सपाट रंग, वाकडी घरं, टोकदार चेहरे.

अनेक जुन्या चाहत्यांना ते रुचलं नाही. त्यांना ठिपके हवे होते. त्यालाही कारण होतं. पुन्हा मंकी आयलंड केलाच तर तो जुन्या ठिपक्यांच्या वळणाचा असेल, असं गिल्बर्ट यांनीच 2013 मध्ये लिहिलं होतं, आणि 2017चा त्यांचा ‘थिंबलवीड पार्क’ तसाच होता, त्यात फेरारींचीच पार्श्वचित्रं होती. अपेक्षा बाळगणं गैर नव्हतं. पण टीका चित्रांवरून माणसांवर घसरली, इतकी की गिल्बर्ट यांनी खेळाबद्दल जाहीरपणे बोलणंच थांबवलं. एका चित्रकाराने मन लावून केलेल्या कामाला असं सामोरं जावं लागणं वाईट होतं, आणि ज्यांनी ते केलं त्यांना मालिकेवरचं प्रेम हे कारण पुढे करता येणार नाही.

गिल्बर्ट यांचं म्हणणं मात्र ऐकण्यासारखं होतं. पहिले दोन भाग ठिपक्यांचे खेळ म्हणून काढलेच नव्हते, असं ते सांगत. त्या वर्षी यंत्रावर जे उत्तमात उत्तम शक्य होतं ते त्यांनी केलं, एवढंच. ठिपके ही शैली नव्हती, ती त्या दिवसांची मर्यादा होती. हे बरोबर आहे, पण अर्धंच. फेरारींनी मर्यादेतून जे काढलं ती शैलीच होती. रंगीत पेन्सिलीचा संयम नसता तर तेच सोळा रंग दुसऱ्या कुणाच्या हातात भडक राहिले असते, आणि त्या काळच्या बहुतेक खेळांत ते तसेच राहिले. क्रोल यांच्या बाबतीत गिल्बर्ट यांचा निर्णय तरीही योग्य ठरतो, तो वेगळ्या कारणाने: ज्या मालिकेने दर भागात हात बदलला, तिला नवा हात नाकारायचा म्हणजे तिच्या स्वभावालाच नाकारायचं. खेळ 2022च्या 19 सप्टेंबरला आला. त्यातला गावाचा फेरफटका चित्रांत पाहताना खटकतो, हलताना पाहिला की पटतो. क्रोल यांची माणसं उभी राहण्यासाठी काढलेली नाहीत, चालण्यासाठी काढलेली आहेत.

वाद चालू असतानाच काही चाहत्यांनी क्रोल यांची दृश्यं उलट सोळा रंगांत उतरवली, तर काहींनी 1990ची दृश्यं क्रोल यांच्या वळणाने काढली. भांडणापेक्षा ही देवाणघेवाण कितीतरी बोलकी होती. दोन्ही बाजूंनी काढून पाहणाऱ्याला कळत जातं की दिव्यांची जागा, डोंगराचा उतार, धक्क्याकडे वळणारी वाट यांची मांडणीच बेटाला ओळख देते. ठिपके आणि कोन हे त्यावरचे कपडे. 2023च्या जुलैत ‘सी ऑफ थीव्हज’ या खेळात ‘द लेजंड ऑफ मंकी आयलंड’ आला आणि मेले आयलंड चारी बाजूंनी हिंडण्याजोगं झालं. ते घडवणाऱ्या रेअर कंपनीतले माइक चॅपमन हे लहानपणापासूनचे मंकी आयलंडप्रेमी. 144 ओळींत कधीच न दिसलेली घरांची मागची बाजू आता कुणाला तरी ठरवावी लागली, आणि ते काम मिळालं चाहत्यांना, पगारी.

एक गोष्ट मात्र अजून कुणी दुरुस्त केलेली नाही. दुकानात आज मिळणाऱ्या स्पेशल एडिशनमध्ये कळ दाबून जे ‘जुनं’ चित्र दिसतं ते सोळा रंगांचं नाहीच. ते 256 रंगांचं नंतरचं रूप आहे. ‘लूम’चंही तसंच, विकली जाते ती 256 रंगांची बोलकी आवृत्ती. फेरारींनी माऊसने एकेक ठिपका ठेवून मिळवलेलं आकाश पाहायचं असेल तर जुनी फ्लॉपी, तिच्या फाइली आणि स्कमव्हीएम यांची जुळवाजुळव करावी लागते. फ्लॉप्या खराब होत चालल्या आहेत. हक्क आज डिस्नेकडे आहेत, फाइली आजच्या मानाने अगदी लहान आहेत आणि त्या चालवणारा प्रोग्रॅम चाहत्यांनी फुकट लिहून ठेवला आहे. स्पेशल एडिशनच्या पुढच्या डागडुजीत त्या कळीला तिसरा टप्पा द्यावा: नवं, 256, आणि सोळा.